खडकीची वॉर सिमेटरी आणि आपल्या गावचे सैनिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रोडला पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा आणि मधे हिरवळ दिसते. बस त्यापुढून रोज जाते, आत शिरणारे थोडे. जे शिरतात ते बाहेर येऊन साधारण तेच प्रश्न विचारतात. शेवटी गाडी एकाच मुद्द्यावर येते : इथे सगळी नावं परक्यांची, मग सातारा, रत्नागिरी, नगर, कुलाब्यातून महायुद्धांवर गेलेल्या आमच्या माणसांची नावं कुठे आहेत? खालची उत्तरं त्या प्रश्नाकडे नजर ठेवून लिहिली आहेत, त्यामुळे काही छोटी आहेत आणि काही बरीच लांबली आहेत.

ही जागा १८१७ च्या खडकीच्या लढाईतली आहे का?

नाही. हा घोळ फार जणांचा होतो. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाची फौज बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या फौजेशी लढली, ती लढाई खडकी आणि गणेशखिंडीच्या माळावर झाली. त्यानंतर खडकी गावाची छावणी झाली, इंग्रजांनी आपल्या उच्चाराप्रमाणे तिचं ‘किर्की’ केलं, पुढे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला. छावणी म्हटली की कबरस्तान आलंच, तशी जुनी कबरस्तानं या भागात होती. वॉर सिमेटरी मात्र दुसऱ्या महायुद्धाची देणगी आहे. पेशव्यांच्या लढाईशी तिचा संबंध फक्त गावाच्या नावापुरता.

मग इथे कोण आहेत?

दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी, छावण्यांच्या आणि गावांच्या कबरस्तानांत पुरलेले हे सैनिक. युद्ध संपल्यावर तिथे कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांना एकत्र आणण्यासाठी ही जागा तयार केली. म्हणजे इथले बरेच जण दोनदा पुरले गेले आहेत.

पुण्यात तर लढाई झाली नाही. एवढी माणसं मेली कशाने?

आजाराने, अपघाताने, प्रशिक्षणात, इस्पितळात. ब्रह्मदेशाच्या आघाडीमागे हिंदुस्थान हा मोठा तळ होता. मुंबई बंदरात जहाजं लागत, देवळालीला पलटणी येऊन थांबत, पुण्यात आणि खडकीत इस्पितळं आणि कारखाने होते. तरुण मुलगा बोटीतून उतरायचा आणि आघाडीचं तोंड बघण्याआधी तापाने जायचा. दगडावर वय कोरलेलं असतं, ते वाचत एक रांग चालून बघा. विशीतलेच पुष्कळ.

आत पहिल्या महायुद्धाचंही स्मारक आहे ते काय?

त्याला ‘किर्की स्मारक १९१४–१९१८’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. त्यांच्या मूळ कबरी आजच्या भारतात आणि पाकिस्तानात अनेक ठिकाणी विखुरलेल्या होत्या आणि त्या टिकवणं शक्य नव्हतं, म्हणून नावं तरी एका जागी आणली. यात ६२९ जण असे आहेत की ज्यांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी कबरस्तानातून काढून खडकीला पुन्हा पुरण्यात आले.

याच स्मारकावर आणखी १९३ नावं आहेत, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या सैनिकांची. दुसऱ्या महायुद्धात ते हिंदुस्थानात, प्रत्यक्ष आघाडीपासून दूर मेले. ब्रह्मदेशात लढायला आफ्रिकेतून पलटणी आल्या होत्या, हे आपल्याकडे शाळेत कोणी सांगत नाही. पुण्याच्या वाटेवर ती नावं उभी आहेत, निदान ती तरी वाचावीत.

सगळे दगड एकाच मापाचे का? साहेबाला मोठा, शिपायाला छोटा असं काहीच नाही?

तसं नाही, आणि ते मुद्दाम. पहिलं महायुद्ध चालू असतानाच, २१ मे १९१७ ला लंडनमध्ये ‘इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ स्थापन झालं. फेबियन वेअर नावाच्या माणसाचा हा ध्यास होता. १९६० पासून तेच ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ म्हणून ओळखलं जातं. या पानावर यापुढे नुसतं कमिशन म्हणू. १९१८ मध्ये सर फ्रेडरिक केनियन यांच्या अहवालाने धोरण ठरवलं : हुद्दा, पैसा, जात, धर्म काहीही न बघता प्रत्येकाला सारखं स्मारक. प्रेत मायदेशी न्यायचं नाही, कारण ते श्रीमंतांनाच परवडलं असतं. ज्याची कबर सापडली त्याला दगड, ज्याची सापडली नाही त्याचं नाव भिंतीवर.

दगड साधारण ८१ सेंटीमीटर उंच आणि ३८ सेंटीमीटर रुंद. त्यावर पलटणीचं चिन्ह, नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्माची खूण. तळाशी घरच्यांना साठेक अक्षरांत स्वतःचा मजकूर देता येई. चालता चालता हेच मजकूर पाय अडवतात, बाकीचं सगळं शिस्तीत असतं.

तत्त्व उत्तम होतं. ते सगळ्यांना सारखं लागू झालं का, याचं उत्तर पुढे येतं.

आमच्या मराठी सैनिकांच्या कबरी इथे का नाहीत?

पहिलं कारण सरळ आहे : हिंदू सैनिकाचं दहन होतं, कबर होत नाही. त्याच्यासाठी कमिशनने ‘दहन स्मारक’ हा प्रकार केला, म्हणजे अग्नी दिलेल्यांची नावं एका दगडावर. इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर ‘छत्री’ आहे. ब्रायटनच्या इस्पितळात मेलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला, राख समुद्रात सोडली. छत्रीचं उद्घाटन १ फेब्रुवारी १९२१ ला झालं. त्या ५३ जणांची नावं दगडावर यायला २०१० साल उजाडलं.

दुसरं कारण असं की आपला माणूस मेला लांब. त्याचं नाव तिथेच शोधावं लागतं. मुख्य ठिकाणं सांगतो.

फ्रान्समध्ये नव्ह शापेल नावाचं छोटं गाव आहे. तिथे हर्बर्ट बेकर यांनी बांधलेलं भारतीय स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ ला खुलं झालं. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं त्याच्या गोल भिंतीवर आहेत. खडकीकरांनी हे गाव विशेष लक्षात ठेवावं. २८ ऑक्टोबर १९१४ ला बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांनी ४७ शीख पलटणीबरोबर त्या गावावर हल्ला चढवला. सॅपर्स म्हणजे पूल बांधणारे, खंदक खणणारे, सुरुंग लावणारे लोक. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगिनी लावून घरांघरांतून झुंजावं लागलं. त्यांचे गोरे अधिकारी जवळपास सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. या कंपन्या खडकीहून निघाल्या होत्या, आज वॉर सिमेटरी आहे त्याच छावणीतून.

दुसऱ्या महायुद्धातले मराठे शोधायचे तर एरिट्रियातलं केरेन, इटलीतलं सांग्रो नदीकाठचं दहन स्मारक, मॉन्ते कसिनोचं स्मारक आणि ब्रह्मदेशातलं रंगूनजवळचं तौक्यान बघावं. तौक्यानच्या रंगून स्मारकावर तर सुमारे २७,००० नावं आहेत.

कसिनोच्या स्मारकावर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांचं नाव आहे. मूळचे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले इतर मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशिनगनचं ठाणं उडवलं आणि तिथेच गोळी लागून पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही. माणगावात तहसील कचेरीजवळ पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. त्याच पलटणीच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून परत आले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले.

समुद्रावर मेलेले खलाशी वेगळे. मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या खलाशांच्या गृहात त्यांचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर नावांचं. रत्नागिरीकडच्या घरांनी ते जरूर तपासावं, कारण ‘बोटीवर होता, परत आला नाही’ एवढंच घरात माहीत असतं.

आमचे पणजोबा ‘बसऱ्याला गेले’ असं घरात सांगतात. तिथे त्यांचं नाव असेल का?

हा सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

पहिल्या महायुद्धात मराठी माणूस सर्वाधिक खपला तो मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत अल अरबच्या मुखाशी फाओला उतरली ती सहावी डिव्हिजन, तिचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात ११७ वी, १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण होती. बसरा घेऊन, तैग्रिसच्या काठाने वर सरकत ते बगदादजवळ टेसिफॉनपर्यंत गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये तिथे मार खाऊन कुट अल अमाराला परतले आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात अडकले. धान्य संपलं, घोडे कापायची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते मांस फार उशिरापर्यंत नाकारलं आणि उपासाने खंगले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातून तुर्कस्तानकडे जी पायपीट झाली तिच्यात किती गेले याची दाद ना फिर्याद.

यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक बांधलं, २७ मार्च १९२९ ला ते खुलं झालं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,५०० हून अधिक जणांचं. त्यात भारतीयच बहुसंख्य. पण भिंतीवर नावं कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायाच्या वाट्याला आकडा आला : अमुक पलटण, आणि इतर हुद्द्यांचे एवढे. नाव कागदावरच्या नोंदवहीत गेलं.

म्हणजे एकाच गावातले दोघे, एक फ्रान्सला मेला तर त्याचं नाव दगडावर, दुसरा मेसोपोटेमियात मेला तर तो एका बेरजेत. सगळ्यांना सारखं स्मारक म्हणणाऱ्या कमिशनने हे केलं. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने अहवाल दिला, त्यात ते स्पष्ट मान्य केलं : पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची, मुख्यतः भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियनांची, नोंद असमान पद्धतीने झाली. आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावाने नोंदच झाली नाही, किंवा मुळीच झाली नाही. कमिशनने माफी मागितली.

स्मारकाचं पुढे आणखी एक झालं. बसऱ्याजवळच्या नौदल गोदीतून १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात ३२ किलोमीटर लांब नेऊन पुन्हा उभं केलं. तिथे जायचा विचार करत असाल तर आधी दूतावासाचा सल्ला घ्या. बहुतेकांनी नोंदवहीच बघावी, आता ती ऑनलाइन आहे आणि नाव त्यात सापडतं.

त्या काळी शिपायाचं नाव कोरायची पद्धतच नव्हती, असं म्हणतात. खरं का?

पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमाला जा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने १८२१ मध्ये उभारायला घेतलेल्या त्या स्तंभावर मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातली २२ ‘नाक’ने संपतात, म्हणजे महार सैनिकांची. कंपनीने हे काही प्रेमाने केलेलं नाही, विजयाचा खांब होता तो. पण शिपायाचं नाव कोरता येतं हे १८२१ मध्ये माहीत होतं. शंभर वर्षांनी बसऱ्याला ते विसरलं गेलं, असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. त्या नावांचं पुढे काय झालं तेही इतिहासात आहे : १८९२ मध्ये महारांची भरती थांबवली, १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडून टाकली. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर त्या स्तंभाला भेट द्यायला गेले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला.

आपली स्वतःची परंपरा वीरगळाची. गावाच्या वेशीवर किंवा देवळाबाहेर शेंदूर फासलेला दगड असतो, खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीच्या एकसरला तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. वीरगळावर सगळी गोष्ट असते, फक्त नाव बहुतेक वेळा नसतं. खडकीच्या दगडावर नाव, नंबर, तारीख असते, गोष्ट मात्र अजिबात नाही. गावाला माणूस माहीत होता, म्हणून नावाची गरज पडली नाही. सैन्याला तो माहीत नव्हता.

आमच्या गावात शाळेजवळ इंग्रजीत कोरलेला एक दगड आहे, ‘या गावातून इतके गेले’ असा. तो काय?

तो जपा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत असे फलक लावले : १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. इथेही आकडे, नावं नाहीत. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध गाव, ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मेले. आजही घराघरांत फौजी आहे.

असे फलक रस्तारुंदीकरणात, शाळेच्या नव्या इमारतीत, ग्रामपंचायतीच्या रंगकामात नाहीसे होतात. ऑइलपेंट लावून अक्षरं भरून टाकणं हा सर्वांत सामान्य अपघात. फोटो काढून ठेवा, उजेड तिरका असताना काढा, अक्षरं उठून दिसतात.

नाव शोधायचं कसं?

कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोध आहे. पण मराठी नाव तिथे सरळ टाकलं तर निम्म्या वेळा हाती काही लागत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं नाव गृहीत धरा. जाधव हे शेवटी ‘ओ’ लावून, शिंदे ‘श’ऐवजी ‘स’ने, भोसले मधला एखादा स्वर गाळून, असे प्रकार असतात. पहिल्या महायुद्धात कित्येकांचं आडनावच नोंदलेलं नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून नावाऐवजी गावावरून शोधा. भारतीय सैनिकाच्या नोंदीत बऱ्याचदा अधिक माहितीच्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो.

जिल्हा मात्र तेव्हाचा टाका. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडचं नाव तोवर कुलाबा होतं. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला, त्यामुळे तासगाव, वाळवा, खानापूरचे लोक साताऱ्यात शोधा. पालघर ठाण्यात होतं. कोल्हापूर, सावंतवाडी, जत, फलटण ही संस्थानं, ती तशीच लिहिलेली असतील. पुणे म्हणजे अर्थातच ‘पूना’.

पलटणीचं नाव लिहायची तऱ्हाही जुनी वापरा. मराठा शब्दात मधे ‘एच’ आणि शेवटी दोन ‘टी’ असलेलं स्पेलिंग तेव्हा रूढ होतं. १९२२ च्या फेररचनेत आकडे बदलले तेही लक्षात ठेवा : १०३ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी. घरात ‘आजोबा एकशे सतरा नंबरला होते’ असं सांगत असतील तर ते पहिल्या महायुद्धाचे. ‘तीन पाच’, म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन, म्हणत असतील तर नंतरचे, बहुधा केरेन किंवा इटली.

आणि एक : पलटणीत लढणारे सोडून खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, मजूर टोळ्या असे हजारो गेले. ते ‘फॉलोअर’ म्हणून वेगळ्या विभागांत नोंदले आहेत. मराठा पलटणीत नाव सापडलं नाही म्हणजे माणूस गेलाच नव्हता, असं समजू नका.

घरात एक जुनं मेडल आहे, त्यावरून काही कळेल?

खूप कळेल. पहिल्या महायुद्धाच्या मेडलची कड भिंगाने बघा, तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदीचं मेडल सैनिकाचं, तेच ब्राँझमध्ये असेल तर बहुधा मजूर किंवा फॉलोअरचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या सैनिकांना बिननावाची मेडल मिळाली, भारतीयांच्या मेडलवर मात्र नावं असतात.

तळहाताएवढी, साधारण बारा सेंटीमीटरची गोल ब्राँझची चकती असेल, तिच्यावर बाई आणि सिंह असेल, तर माणूस युद्धात मेला. ती वारसाला पाठवत असत. कोणी ती देव्हाऱ्यात ठेवली, कोणी भांडीवाल्याला मोडीत दिली. पॉलिश करू नका, अक्षरं झिजतात. आणि भंगाराच्या भावात तर मुळीच विकू नका.

आजोबा युद्धातून परत आले आणि १९७० साली गावी वारले. त्यांचं नाव कमिशनकडे असेल का?

नाही. कमिशनची मुदत ठरलेली आहे : पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या तारखांच्या आत मृत्यू झाला पाहिजे. परत आलेल्यांसाठी पलटणीच्या केंद्राकडे नंबरसह पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्ता आणि अर्जाचा मसुदा द्यायला मदत करतं. नंबर नसेल तर पेन्शनच्या जुन्या कागदावर तो असतोच.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतले शहीद कुठे?

ते कमिशनच्या कक्षेबाहेर. १९६२, १९६५, १९७१ मध्ये बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच झाले, घरी ट्रंक आणि तार आली. कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून, पार्थिव गावी आणायची रीत पडली. म्हणून आता सातारा, कोल्हापूरकडच्या गावांत स्मशानाशेजारी किंवा फाट्यावर चौथरा, अर्धपुतळा आणि नाव दिसतं.

सिमेटरीत जायला परवानगी लागते का? फुलं वाहता येतात?

दिवसा उघडी असते, पैसे लागत नाहीत. गटाने जाणार असाल किंवा चित्रीकरण करणार असाल तर आधी विचारा. फुलं वाहता येतात. इंग्रज लाल पॉपी लावतात, भारतात अलीकडे सैनिकांच्या स्मरणासाठी झेंडू वापरायला सुरुवात झाली आहे, आणि झेंडू आपल्याकडे कुठेही मिळतो. दगडावर हळद-कुंकू, तेल, मेणबत्ती नको, पांढऱ्या दगडात डाग बसतो. दगडावर बसून फोटो काढू नयेत हे सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

खर्च कोण करतं?

सहा देश मिळून : ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. ज्याच्या त्याच्या मृतांच्या संख्येच्या प्रमाणात. मोठा वाटा ब्रिटनचा.

छावणीच्या जुन्या कबरस्तानातल्या, युद्धाशी संबंध नसलेल्या कबरी कोण बघतं?

नियमाने कोणीच नाही, म्हणून त्या ढासळतात. १९७६ मध्ये स्थापन झालेली एक ब्रिटिश संस्था दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरींच्या नोंदी आणि थोडी डागडुजी करते. दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याच्या वेगळ्या.

नोंदीत नाव चुकलं असेल, किंवा मुळीच नसेल, तर दुरुस्ती होते का?

होते, पण पुरावा लागतो. मृत्यूची तारीख मुदतीत बसते हे दाखवणारा कागद महत्त्वाचा : पलटणीचं पत्र, वारसाला मिळालेला पेन्शनचा हुकूम, मृत्यूची तार, मेडलच्या कडेचा स्पष्ट फोटो. नुसत्या घरातल्या आठवणीवर नाव चढत नाही. मोडी लिपीतला कागद असेल तर तो जाणकाराकडून वाचवून घ्या आणि लिप्यंतर सोबत जोडा. २०२१ च्या अहवालानंतर सुटलेली नावं शोधायचं काम कमिशनने हाती घेतलं आहे, तेव्हा मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेत गेलेल्यांच्या घरांनी आता चौकशी करायला हरकत नाही. पाठवायची ती प्रत पाठवा. मूळ कागद आणि मेडल कोणी कितीही खात्री दिली तरी हातातून सोडू नका.